मानेतलं पॉलिस्टरचं ठिगळ

गेल्या काही महिन्यांत पालमच्या माझ्या कापडदुकानात गिऱ्हाईक वाढलंय. कापड घ्यायला नाही, माझी मान बघायला. माणूस येतो, खुर्चीवर बसतो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि मग हळूच म्हणतो, "अप्पा, जरा ते मानेचं दाखवा की." मी कॉलर खाली ओढतो. डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत उतरलेली रेघ तो निरखून बघतो, च्च च्च करतो, आणि रिकाम्या हातानं कसं जावं म्हणून एक दस्ती घेतो. दस्ती म्हणजे हातरुमाल. दोन महिन्यांत इतक्या दस्त्या खपल्या की मला माल परत मागवावा लागला.

पण तीच गोष्ट रोज दहादा सांगून मी कंटाळलो. म्हणून लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, शिरांचं शास्त्र मला विचारू नका. ज्याच्या घरी असलं दुखणं निघालंय त्याला थोडा धीर यावा, आणि मी केला तो गाढवपणा त्यानं करू नये, एवढ्यासाठी हे लिहिणं.

दहा मिनिटं

मी मन्मथअप्पा, वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं कापड विकलं म्हणजे चाळीस वर्षं बोललो. कापड हातानं मोजलं जातं पण विकलं जातं तोंडानं. माझं तोंड जरा जास्तच चालतं असं आमच्या घरच्यांचं, म्हणजे महानंदाचं, म्हणणं आहे. गिऱ्हाइकाची नक्कल करायची मला खोड. आणि राग नाकावर. दोन्ही गोष्टी मी कबूल करतो, कारण पुढं त्या लागणार आहेत.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक म्हातारबाबा धोतरजोडी बघायला आले होते. मी धोतर उलगडलं आणि म्हणायला गेलो, "हे घ्या, धुतल्यावर अजून मऊ पडतं." तोंडातून आलं नुसतं "बबब, ब". मी थांबलो, परत म्हटलं, परत तेच. डोक्यात वाक्य पूर्ण तयार होतं, पण ओठाला काही येईना. उजव्या हातातली लोखंडी मीटरपट्टी खाली पडली आणि ती उचलावी तर बोटं ऐकेनात.

महानंदा मागं साड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "ओ, गिऱ्हाइकापुढं काय नकला करायलेत?"

म्हातारबाबाच तिला म्हणाले, "बाई, हे नकला न्हाई करायले. त्यांचं तोंड बघा, एका अंगाला गेलंय."

ती आली, माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या हातातली साडी गळून पडली. मला ते सगळं दिसत होतं. मला तिला 'घाबरू नको' म्हणायचं होतं आणि तेच म्हणता येत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ मी बघत होतो. दहा मिनिटं. मग कुणीतरी बटण दाबावं तसं सगळं परत आलं. म्हातारबाबा उठून चप्पल घालत होते. माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं, "चाललात कुठं, धोतर घेऊन जा की."

मला वाटलं, झालं, संपलं. चहा मागवावा आणि कामाला लागावं. महानंदानं मात्र भर बाजाराच्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं. लग्न झाल्यापासून तिनं पहिल्यांदा ते ओढलं असेल. "आलं तसं गेलं न्हाई का," मी म्हणालो. ती म्हणाली, "तुमी गप बसा. दहा मिन्टं गप होता तसंच." आणि गाडी बोलावून मला परभणीला नेलं. वाचणाऱ्यांनी इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी. बोलणं अडखळलं, हात लुळा पडला आणि आपोआप बरं झालं, तरी घरी बसू नका. मी एकटा असतो तर बसलो असतो आणि आज हे लिहायला राहिलो नसतो.

परभणीचे डॉक्टर

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, मानेची सोनोग्राफी केली आणि एका कागदावर दोन काड्या काढून दाखवल्या. "अप्पा, मेंदूला रक्त नेणारी ही डावी शीर. आतून चोंदलीय. अगदी थोडी वाट शिल्लक आहे. तिथला एक कण सुटून वर गेला होता, तो विरघळला. पुढचा विरघळेलच असं नाही."

"न्हाई विरघळला तर?"

"उजवी बाजू जाईल. आणि बोलणं."

मी म्हणालो, "साहेब, हात गेला तर डाव्या हातानं मोजीन. बोलणं गेलं तर मी काय करू?"

ते हसले नाहीत. संभाजीनगरला जाऊन ती शीर उघडून साफ करून घ्या, पंधरा दिवसांच्या आत, असं म्हणाले. परत येताना गाडीत मी सारखा बोलत होतो. झाडं, पाट्या, एसटीचे नंबर, दिसेल ते मोठ्यानं वाचत होतो. महानंदा खिडकीतून बाहेर बघत होती. गंगाखेडच्या पुलावर तिनं माझा उजवा हात तिच्या मांडीवर घेतला आणि पालम येईपर्यंत सोडला नाही. मी घाबरलो होतो. लय घाबरलो होतो. हे त्यावेळी कुणाला सांगितलं नाही, आता सांगतो.

बदक

संभाजीनगरच्या दवाखान्यात आमचं पहिलं भांडण झालं ते लिंगावरून. आम्ही लिंगायत. दीक्षा झाल्यापासून इष्टलिंग चांदीच्या डबीत घालून गळ्यात असतं, ते अंगावेगळं करायचं नसतं. ऑपरेशनच्या सकाळी नर्सबाई म्हणाल्या, धातूचं सगळं काढा. मी म्हणालो, नाही काढत. त्या म्हणाल्या, मग ऑपरेशन होणार नाही. मी म्हणालो, नको व्हायला. महानंदा कपाळाला हात लावून बसली.

सर्जनबाई स्वतः आल्या. बारीक, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पूजा करताना लिंग कुठं ठेवता?"

"डाव्या तळहातावर."

"मग डबी आणि दोरा तुमच्या मंडळींकडं द्या. आतलं लिंग स्वच्छ पट्टीत गुंडाळून डाव्या तळहातावर बांधू. उजवा हात मला मोकळा पाहिजे."

मला वाटलं होतं, मोठ्या शहरातली डॉक्टरीण, आपल्याला खेडवळ समजून हसेल. तिनं माझी अडचण दोन वाक्यांत सोडवली. भांडायला काही उरलंच नाही म्हणून मी गपचूप स्ट्रेचरवर आडवा झालो.

उजवा हात कशाला मोकळा पाहिजे होता ते आत गेल्यावर कळलं. त्यांनी मला पूर्ण बेशुद्ध केलं नाही, फक्त मान बधिर केली. आणि उजव्या हातात एक पिवळं रबरी बदक दिलं, लेकरांचं असतं तसलं. बाई म्हणाल्या, "मी सांगितलं की दाबायचं. बदक ओरडलं पाहिजे. आणि सारखं बोलत राहायचं. तुमच्या बोलण्यावरून मला कळतं मेंदूला रक्त पोचतंय का."

बोलत राहा, असं मला उभ्या आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. मी सुरू झालो. मांजरपाटापासून सुरुवात केली, खणापर्यंत आलो, इरकल आणि पैठणीतला फरक सांगितला. मधेमधे बदक ओरडत होतं. तोंडावर कापड होतं त्यामुळं दिसत काही नव्हतं, पण भूल देणारे डॉक्टर मधेच म्हणाले, "अप्पा, बायकोला साडी घ्यायचीय, कुठली घेऊ?" मी त्यांना रंग विचारला. मान उघडलेली असताना मी गिऱ्हाईक केलं.

मग सर्जनबाई म्हणाल्या, "शीर साफ झाली. आता तिच्यावर एक ठिगळ लावतेय, म्हणजे परत आकसणार नाही."

"कशाचं ठिगळ?"

"एक प्रकारचं पॉलिस्टर."

मी एकदम गप्प झालो. बाईंचा आवाज चढला. "अप्पा, बोला. बदक दाबा. अप्पा."

मी बदक दाबलं आणि म्हणालो, "बाई, बोलती बंद झाली ती शिरेमुळं न्हाई. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगत आलो, पॉलिस्टर अंगाला लावू नका. सुती न्हाई का भेटायलं?"

त्यावर त्या हसल्या. आख्खी खोली हसली. सुई हातात असताना मला हसवू नका, असं म्हणाल्या, आणि मी पुढचा अर्धा तास शहाण्यासारखा फक्त खादीवर बोललो.

आकडा

दवाखान्याचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. तापमान, रक्तदाब, "हसून दाखवा, जीभ बाहेर काढा, हात दाबा", आणि मग रक्त. रक्तात एक तपासणी असते, सीआरपी. बाईंनी मला समजेल असं सांगितलं. अंगात कुठं जखम झाली, जंतू शिरले, आतून सूज आली की हा आकडा वर जातो. कुठं पेटलंय ते तो सांगत नाही, पेटलंय एवढंच सांगतो. पाचच्या आत असला म्हणजे ठीक. ऑपरेशननंतर सगळ्यांचाच वाढतो. माझा दुसऱ्या दिवशी ब्याण्णव होता, आठव्या दिवशी टाके काढून घरी सोडलं तेव्हा एकवीस.

निघताना बाईंनी महानंदाला आणि मला समोर बसवलं. "दर आठवड्याला हा आकडा पाठवा. तो खाली खाली आला पाहिजे. वर गेला तर मला शंका घ्यावी लागते की ठिगळाला जंतू लागलेत. तसं झालं तर मान परत उघडायची, ठिगळ काढायचं, दुसरं लावायचं. ते ऑपरेशन पहिल्यासारखं सोपं नसतं. त्यात बोलण्याला धोका जास्त."

पहिलं सोपं होतं हे मला तेव्हा कळलं.

"जखम कोरडी ठेवा," त्या म्हणाल्या. "तेल नाही, हळद नाही, मलम नाही, कुणी सांगितलेला झाडपाला नाही." महानंदानं सगळं वहीत लिहून घेतलं. मी मान डोलवायला गेलो तर दुखलं, म्हणून हात वर केला.

पालम

घरी आल्यावर आठ दिवस मजेत गेले. बघायला येणारा प्रत्येकजण एक पपई घेऊन येई. कुणी पालममध्ये असं पसरवलं देव जाणे, की मानेच्या शिरेला पपई चांगली. महानंदानं माझ्या जेवणातलं मीठ काढलं, तेल काढलं, शेंगदाण्याची चटणी काढली. उरली ती भाकर आणि ती स्वतः. सकाळी आंघोळ झाली की माझी पूजा पहिल्यासारखी सुरू झाली होती. दवाखान्यात मानेला पट्टी असल्यानं नीट करता येत नव्हती, ते मनाला लागत होतं. आणि पूजेच्या आधी मी अंथरुणातच जीभ तपासायचो. हळू आवाजात म्हणायचो, "मांजरपाट, मलमल, लुगडं, इरकल, खण." पाचही शब्द नीट आले की उठायचो.

रक्त काढायला गफूरभाई यायचा. बसस्टँडमागं त्याची रक्त तपासणीची एक खोली आहे. तो नमुना घेतो, दुपारच्या गाडीनं गंगाखेडच्या मोठ्या लॅबला पाठवतो आणि संध्याकाळी मोबाइलवर आकडा येतो. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, शांत माणूस. त्याच्या घरचं ईदचं कापड दरवर्षी माझ्याकडूनच जातं. माझी नस त्याला पहिल्या टोचणीत सापडते, आणि हे मोठ्या शहरातल्या नर्सबाईंना जमलं नव्हतं.

पहिल्या आठवड्याचा आकडा आला चव्वेचाळीस.

"चूक असंल," मी म्हणालो. "त्या मशीनला काय कळतंय."

दुसऱ्या आठवड्यात आला त्रेसष्ट. माझं वय तेवढं म्हणून मी हसण्यावारी नेलं, पण हसू ओठांवरच राहिलं. मग माझं डोकं फिरलं. गफूरला फोनवर बोललो, "तुझ्या सुया शिळ्या झाल्यात का? का बाटल्या उन्हात ठेवायलास?" तो म्हणाला, "अप्पा, रोज वीस लोकांचं रक्त जातंय, बाकी कुणाचं असं येईना." मग मी महानंदाकडं वळलो. तुझ्या जेवणातच काहीतरी हाय, तू भांडी नीट धूत न्हाईस, असलं वाट्टेल ते बोललो. तिनं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. घरात बोलणारा मी एकटा आणि ऐकणारं कुणी नाही. बोलणं जाणं म्हणजे काय हे मला त्या दोन दिवसांत वेगळ्या बाजूनं कळलं.

सर्जनबाईंनी फोनवर ताप विचारला, नव्हता. जखमेचा फोटो मागितला. फोटो शहरात जाणार म्हणून मी आंघोळ केली, मान ओल्या टॉवेलनं पुसून लख्ख केली, नवा सदरा घातला आणि मग फोटो काढून घेतला. बाईंना जखम जराशी लाल दिसली, बाकी काही दिसलं नाही. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि म्हणाल्या, "शुक्रवारी परत तपासा. खाली आला नाही तर सोमवारी बॅग भरूनच या."

बॅग महानंदानं गुरुवारीच भरली. मी बघत होतो, तिनं माझे सगळे सदरे समोरून उघडणारे घेतले, मानेवरून काढावे लागू नयेत म्हणून. बोलत नव्हती तरी.

शुक्रवार

शुक्रवारी गफूर लवकर आला. मी देवघरापुढं पाटावर बसलो होतो, डाव्या तळहातावर लिंग. तो दाराशी थांबला. तो नेहमीच थांबतो, पूजा संपल्यावर आत येतो. भस्माची वडी मी पाण्यात बुडवली, तीन बोटांवर उगाळली, कपाळाला ओढली, दंडाला ओढली, छातीला ओढली. मग मान वर करून डावीकडून उजवीकडं गळ्यावरून तीन बोटं फिरवली, बरोबर त्या रेघेवरून.

"अप्पा," गफूर दारातून म्हणाला. "बुरा मानू नका. ते रोज लावायलेत का तिथं?"

"भस्म हाय. रोज लावतो. जन्मापासून लावतो."

"तसं न्हाई. जखमेवर…"

"गफूर," मी म्हणालो, "तू सुई टोचायला आलास, सुई टोच. माझी पूजा तू शिकवू नको."

हे मी बोललो. ज्या माणसाच्या घरी मी पंचवीस वर्षं शिरखुर्मा प्यालोय, त्याला बोललो. गफूर आत आला, हात धुतले, पहिल्या टोचणीत नस धरली, कापूस दाबला आणि चहा न घेता गेला.

महानंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती चष्मा लावून आली आणि म्हणाली, "मान वर करा." दोन दिवसांनंतरचे तिचे पहिले शब्द. तिनं खिडकीच्या उजेडात माझी मान धरली. रेघेच्या खालच्या टोकाला, कातडीच्या वळीत, पांढरं साचलेलं होतं आणि त्याच्या कडेला ओलसर. फोटोच्या दिवशी तेवढं मी पुसून टाकलं होतं.

ती वडी आमच्या घरात किती वर्षं आहे मला सांगता येणार नाही. लाकडी पेटीत असते, घरातल्या सगळ्यांची बोटं तिला लागतात, आले-गेलेलेही लावतात. पूजेतली म्हणून ती मला कधी अस्वच्छ वाटलीच नाही. बाईंनी तेल सांगितलं होतं, हळद सांगितली होती, मलम सांगितलं होतं. भस्म कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं, कारण भस्म हे जखमेला लावायचं औषध नाहीच. ते भस्म आहे. माझ्या डोक्यात ते दोन वेगळे कप्पे होते. मान मात्र एकच होती.

मला वाटलं ती आता माझी चांगली खरडपट्टी काढेल. तिनं फक्त फोन उचलला आणि सर्जनबाईंना स्वतः सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, सोमवार नको, आत्ता निघा. बॅग भरलेलीच होती. आम्ही जालन्याच्या पुढं गेलो तेव्हा मोबाइलवर आकडा आला. अठ्ठ्याऐंशी.

चिमटा

बाईंनी भिंग लावून, चिमट्यानं आणि पाण्यानं ती जागा धुतली. अर्धा तास. आता बदक नव्हतं आणि बोलत राहा असंही कुणी म्हणालं नाही. मी छताकडं बघत मनात पाच शब्द म्हणत होतो. मांजरपाट, मलमल, लुगडं, इरकल, खण. उद्या हे येतील का, एवढंच डोक्यात होतं. मग त्यांनी सोनोग्राफी लावली आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. तो वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. दुकानातल्या त्या दहा मिनिटांपेक्षा मोठा, कारण तेव्हा मला काय चाललंय ते माहीत नव्हतं.

"वरच्या वर आहे," त्या म्हणाल्या. "जंतू कातडीखाली थांबलेत. ठिगळाभोवती काही नाही. मान उघडायची गरज नाही."

महानंदा तिथंच स्टुलावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडलो. झोपून रडलं की पाणी कानात जातं.

बाईंनी मला रागवायला पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, "चूक माझ्या यादीतपण आहे, अप्पा. मी हे विचारायला पाहिजे होतं. तुमच्याकडचे कितीतरी पेशंट येतात." आणि त्यांच्या छापील कागदावर, तेल-हळदीच्या खाली, पेननं लिहिलं: भस्म, अंगारा, बुक्का, तीर्थ. पुढच्या छपाईत ते चार शब्द छापून आलेत. मी पाहिलेत. आमच्या मठातल्या स्वामींना महानंदानं फोन केला तर ते म्हणाले, जखम भरेपर्यंत गळ्याचं भस्म मनातल्या मनात लावा, तेही पोचतं. हे आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

पाच दिवस इंजेक्शनं झाली. आकडा चाळीस, मग पंधरा. घरी आलो. भस्माची नवी वडी आणली, माझी वेगळी. महानंदानं पहिल्या दिवशी भाकरीबरोबर चमचाभर चटणी वाढली. मी तिला म्हणालो, भांड्यांचं बोललो ते खोटं होतं. ती म्हणाली, "मला ठावंच होतं, तुमाला कळायचं होतं."

रांग

राहिला गफूर. आठवड्यानं शेवटची तपासणी होती आणि तो घरी आला नाही. फोन केला तर म्हणाला, "खोलीवर गर्दी हाय अप्पा, जमलं तर या." आवाज नेहमीचाच, पण तो गर्दीला कधी भ्यायलेला मला आठवत नाही.

मी चालत गेलो. बाकावर पाच-सहा जण होते, रांगेत बसलो. रस्ताभर वाक्य घोकलं होतं. साधंच होतं: गफूर, चुकलं माझं. माझा नंबर आला, मी आत खुर्चीत बसलो, बाही वर केली. तो सुई तयार करत होता. मी तोंड उघडलं.

काही येईना. माफी मागायची सवयच नव्हती तोंडाला. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकापुढं, बायकोपुढं, कुणापुढं मी ते वाक्य वापरलेलं नव्हतं. ओठ हलले, आवाज नाही. मी तसाच तोंड उघडून बसलो.

गफूरनं वर बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. सुई ट्रेमध्ये टाकून त्यानं माझा उजवा हात धरला. "अप्पा, हात दाबा माझा. दाबा. हसून दाखवा. ओ, बाहेर कोण हाय, गाडी बोलवा रे, अप्पाला परत झटका आला." बाकावरची माणसं आत घुसली. एकानं मला पाठीमागून धरलं, एकजण रिक्षा थांबवायला रस्त्यावर पळाला. गफूरच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी त्याचा हात एवढ्या जोरात दाबला की तो कळवळला. आणि म्हणालो, "अरे बाबा, मला काही झालं न्हाई. चुकलं माझं, एवढंच म्हणायलोय."

मला पाठीमागून धरणाऱ्यानं हळूच हात काढून घेतले. गफूर स्टुलावर बसला, दस्तीनं तोंड पुसलं. माझ्याच दुकानातली दस्ती.

"अप्पा," तो म्हणाला, "म्हणायचं एवढं अवघड असंल तर पुढच्या टायमाला चिठ्ठी लिहून पाठवत जा. नाहीतर तुमच्या आधी मी जाईन."

मग सगळे हसले. रिक्षावाला आत येऊन पेशंट कुठाय म्हणून विचारायला लागला, त्यालाही बसवून चहा पाजला. गफूरनं नस धरली, पहिल्या टोचणीत. संध्याकाळी आकडा आला. चार.

तो मी महानंदाला दाखवला. तिनं चष्मा लावून दोनदा बघितला आणि विचारलं, "आणि गफूरला बोललात का?"

"बोललो," मी म्हणालो. "नीट बोललो. एकदम साफ आवाजात."